सह्या आधी, मजकूर नंतर

३ मार्च, मंगळवार

दादा,

'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'दादा', या विचारात सकाळचे दोन चहा झाले. अकरा वर्षांनी सख्ख्या भावाला काय म्हणून हाक मारायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलतात आणि "ते क्लासवर गेलेत" म्हणतात. रविवारीसुद्धा. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलला सुट्टीच नसते असं दिसतंय. पाकिटावर माझं अक्षर बघून तू फाडून टाकशील म्हणून पत्ता टाइप केलाय.

टीव्हीवर तू बघितलंच असशील. आमचे साहेब गेले. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, अध्यक्षपदावरून गेले. आणि ते कसे गेले हे पक्षात कुणालाच कळलेलं नाही. मी तीस वर्षं या कार्यालयात टायपिंग करतेय, पण इतकी गोंधळलेली माणसं एका जागी कधी पाहिली नाहीत. त्यात मीही आलेच.

तुला जुनी पद्धत आठवत असेल. निवडणूक हरली की साहेब नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा देणार, कार्यकारिणी तो एकमताने फेटाळणार, साहेब रुमाल डोळ्यांना लावून 'तुमच्या प्रेमापुढे माझं काय चालणार' म्हणणार. असा हा आठवा राजीनामा. पक्षाच्या घटनेप्रमाणे दोन ठराव तयार ठेवावे लागतात, एक फेटाळायचा, एक स्वीकारायचा. दोन्ही मीच टाइप करते. साहेबांच्या त्यागाचं दीड पान दोन्हींत अक्षरशः तेच. शेवटचा परिच्छेद तेवढा वेगळा. स्वीकारायचा ठराव नियमापुरता असतो, संध्याकाळी त्याच्या पाठीवर मी हिशोबाची नाही तर धोब्याची यादी लिहिते.

सह्या आधीच होतात. चाळीस जणांच्या सह्यांचं वेगळं पान सभेआधी चहाबरोबर फिरतं, कारण अर्ध्या लोकांना सभेला थांबायचं नसतं. मग ते पान ठरावाला मागून जोडायचं. तसंच शनिवारी झालं. सरचिटणीस, आम्ही ऑफिसात त्यांना भोंगा म्हणतो, कागद घेऊन बाहेर पायऱ्यांवर गेले. मागे साहेब रुमालाची घडी मोडून तयार. भोंग्यांनी दीड पान खड्या आवाजात वाचलं. "त्यांचा राजीनामा ही कार्यकारिणी जड अंतःकरणाने..." इथे ते थांबले, कारण इथे थांबायची त्यांची सवय आहे, "...स्वीकारत आहे."

दादा, हे त्यांनी आधी म्हटलं आणि नंतर त्यांना स्वतःला ऐकू आलं. मी दारातून त्यांचा चेहरा बघत होते. साहेबांचा रुमाल हातातच राहिला. कॅमेरे सगळे चालू होते. कुणीतरी पुढे होऊन 'अहो, चुकलं, चुकलं' म्हणेल असं मला वाटलं. कुणी म्हणालं नाही. म्हणणार कोण? न वाचता सही केली हे चाळीसांतल्या एकालाही कबूल करता येईना. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्या एकोणचाळीस जणांनी ठरवून हे केलं आणि आपल्यालाच कळवलं नाही. साहेब गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठे घेऊ?" आणि त्यांना ते सांगता येईना.

कागदांची अदलाबदल कुठे झाली, देव जाणे. आमच्या ऑफिसात एका कागदाला शंभर हात लागतात.

हे सगळं तुला का कळवतेय? कारण हे बघून हसणारा आणि मग डोक्याला हात लावणारा माणूस माझ्या ओळखीत तूच एक आहेस. तुला पक्षातून काढलं त्या ठरावाखाली तुझीच सही होती, त्यावर तेव्हा तू हसला नाहीस, ते बरोबरच होतं. त्यानंतरही मी त्याच खुर्चीत बसून राहिले म्हणून तू बोलणं टाकलंस. त्या वेळी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगते, तो ठराव भोंग्यांनी घरून टाइप करून आणला होता, मला आधी काहीच माहीत नव्हतं. असो. जुनी भांडी कशाला वाजवायची. एक ओळ लिही. मी छप्पन्न वर्षांची झाले, दादा. आता तुझ्याशिवाय मला माहेर म्हणून कुणी नाही.

छोटी


९ मार्च, सोमवार

दादा,

तुझी ओळ आली नाही. मी पत्रपेटी दिवसातून तीनदा बघते, वॉचमनला वाटतंय माझं काहीतरी जुळतंय.

नवा अध्यक्ष निवडायला तीन बैठका झाल्या. उमेदवार दोन, भोंगा आणि उपाध्यक्षबाई. तिन्ही वेळा वीसला वीस. दोघांनाही हे पद नकोच होतं, निदान इतक्यात तरी नको होतं. पण एकाला मिळू नये म्हणून दुसऱ्याला हवं आहे. कार्यालयात सगळे कुजबुजतात. जिन्याखाली दोघे, फायलींच्या खोलीत तिघे, पाण्याच्या मशीनपाशी तर रांग. परवा मी झेरॉक्सला गेले तर मशीनच्या मागून दोन जिल्हाध्यक्ष बाहेर आले. दोघंही मला म्हणाले, "आम्ही कागद शोधत होतो."

सगळे मलाच विचारतात. भोंगा दार लावून म्हणाले, "खरं सांग, बाईंनी किती जण फोडले होते?" मी म्हटलं, "साहेब, मला वाटतं नुसती चूक..." तर म्हणाले, "चूक तर आहेच! पक्षाशी गद्दारी ही चूकच!" आणि उठून गेले. मग बाई आल्या. "भोंग्यानं तुला काय सांगून हे करून घेतलं?" मी म्हटलं, "बाई, कुणीच काही सांगितलं नाही, तो कागद..." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखरचा हात, त्याला हँडक्रीमचा वास येत होता. "नावं घेऊ नकोस. तुला त्रास होईल." मी तोंड उघडलं की समोरचा माझ्या वतीनं वाक्य पुरं करतो. एवढी महत्त्वाची मी आयुष्यात कधी नव्हते.

आता ऐक. मागच्या पत्रात शंभर हात वगैरे लिहिलं ते खोटं आहे. स्टेपलर माझ्या हातात होता. दोन ठराव माझ्या टेबलावर होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. फेटाळायचा नेहमी उजवीकडे असतो. त्या दिवशी पिना संपल्या म्हणून मी कपाटापाशी गेले, परत आले, एक ठराव उचलला, सह्यांचं पान मागे लावलं आणि पिन मारली. बस. एवढंच. कुठल्या बाजूचा उचलला ते मला आठवत नाही. रोज झोपताना मी तो क्षण पुन्हा बघते आणि रोज हात वेगळ्या बाजूला जातो.

कुणाला सांगू? सांगितलं तर नोकरी जाईल, ती जाऊ दे, दोन वर्षांत तशीही जाणारच आहे. पण ऐकून घ्यायलाच कुणी तयार नाही. शेवटी ठरवलंय, साहेबांनाच सांगायचं. त्यांचं पद माझ्या पिनेमुळे गेलं, तर निदान त्यांना ते कळायला हवं. बरोबर आहे ना? तू नेहमी म्हणायचास, छोटी चुकली की आधी रडते आणि मग सांगते. या वेळी रडलेले नाही. फार गोंधळले की रडूसुद्धा येत नाही असं दिसतंय.

छोटी


१४ मार्च, शनिवार

दादा,

गेले होते साहेबांकडे.

दार त्यांनी स्वतः उघडलं. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसले होते, सात जोड ओळीनं मांडलेले. बोटं काळी, नाकावरही थोडं लागलेलं. मी सांगू की नको या विचारात असताना ते पंजानं पुसायला गेले आणि मिशीही काळी केली. तीस वर्षं ज्यांच्यासमोर मी कधी बसले नाही त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बोल. तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही साहेब. मी सांगायला आलेय. ती पिन मी मारली. चुकून. सह्या नेहमीसारख्या कोऱ्या पानावर होत्या. कुणीही तुमच्या विरोधात नव्हतं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही."

ते ब्रश फिरवत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही म्हणून मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाले, "पहिल्यांदाच ऐकलं." मग दुसरा बूट उचलून, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"सांगायचा प्रयत्न केला. कुणी ऐकत नाही."

"छान. आता सांगूही नकोस." ब्रश खाली ठेवला. "हे बघ, चाळीस जणांनी मिळून मला खाली ओढलं, हे मला पचतंय. मोठ्या माणसाचंच होतं असं. काल दोन जण मुलाखत घेऊन गेले, एक जण पुस्तक लिहा म्हणतोय. आणि तू येऊन सांगतेस की मी स्टेपलरनं गेलो?"

"पण साहेब, खरं कळलं तर तुम्हाला परत..."

"परत येऊन काय करू? ज्यांनी न वाचता माझ्यासाठी सही केली, त्यांच्यावर राज्य? बावीस वर्षं मी ते प्रेम समजत होतो." एवढं बोलून त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. मी उठले. ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "चुकूनच झालं ना गं?"

मी म्हटलं, "हो साहेब."

जिना उतरताना मला कळलं की ते 'हो' मी फार लवकर म्हटलं. दादा, तुला म्हणून लिहिते, पिन मारायच्या आधी मी पान उलटलं होतं. नेहमी उलटते, कोपरे जुळवायला. शेवटचा परिच्छेद डोळ्यांसमोर होता. 'स्वीकारत आहे' हे शब्द मी बघितले. बघितले म्हणजे वाचले का? तीस वर्षं टाइप केलेला मजकूर कुणी वाचतं का? मला आत्ता वाटतंय वाचले. काल वाटत होतं नाही वाचले. साहेबांचा मला राग होता का, तर होता. तुझ्यामुळे होता. पण राग मला लिफ्टचाही येतो, म्हणून मी ती तोडत नाही. की कुणी असं हातानं करून टाकतं आणि डोक्याला नंतर कळतं? तू शहाणा आहेस, तूच सांग.

छोटी


२१ मार्च, शनिवार

दादा,

तुझी ओळ आली! पाकिटावरचं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. वॉचमन पाणी घेऊन धावला.

आता आधी इकडची बातमी, म्हणजे तुझ्या अंगणात कोण आणि का आलं ते तुला नीट समजेल. पाचव्या बैठकीतही वीसला वीस झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. साहेबांना खाली खेचण्यात फायदा कुणाचा? ज्याला त्यांनी काढलं त्याचा. ऑफिसात कागद कुणाच्या हातात? त्याच्या बहिणीच्या. झालं. एका दुपारीत सगळ्यांची खात्री पटली की हा डाव तुझा. अकरा वर्षं तू दूर बसून, लोकांना गिअर बदलायला शिकवता शिकवता, चाळीस जणांना एकेक करून फोडलंस. भोंगा मला हळूच म्हणाले, "इतकी माणसं सांभाळली आणि पत्ता लागू दिला नाही. असा माणूस बाहेर असण्यापेक्षा आत असलेला बरा." बाईंचंही तेच. अकरा वर्षांत ज्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं ती म्हणजे तू. म्हणून ती दोघं 'अध्यक्ष व्हा' म्हणायला एकाच गाडीतून तुझ्याकडे आली. तू त्यांना शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर बसवून बोललास असं ऐकलं. मी एकटीच हसले.

पण तूही तेच समजलास. 'छोटे, हे तू माझ्यासाठी केलंस ना?'

वाचून मला काय झालं ते लिहिता येत नाही. छोटे. हा शब्द अकरा वर्षांनी. आणि संध्याकाळी वहिनींचा फोन, आपणहून! म्हणाल्या, "वन्सं, हे चार दिवस झाले गुणगुणत फिरतायत. म्हणतात, माझ्या बहिणीनं मनात ठेवलं होतं सगळं. तुम्ही या आता. तुमची खोली मी रिकामी केलीय." मला खोली आहे, हेच मला माहीत नव्हतं.

दादा, 'हो' असं मी या पत्रात आत्तापर्यंत तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं. 'हो' लिहिलं तर सगळं मिळतंय. तू अध्यक्ष, मी तुझी शूर बहीण, वहिनींकडे खोली. आणि खोटंही ठरणार नाही कदाचित. कारण मलाच माहीत नाही. 'नाही' लिहिलं तर तेही खोटं असू शकेल. साहेबांना 'हो, चुकून' म्हणाले, तुला 'हो, मुद्दाम' म्हणू का? दोन माणसांना दोन ठराव, वरचा मजकूर तोच.

मला दोन दिवस दे. तोवर घाईनं काही कळवू नकोस त्यांना.

छोटी


२५ मार्च, बुधवार

दादा,

आज तुझं पाकीट आलं. आत कोरा कागद, तळाशी तुझी सही, आणि चिठ्ठी: 'संमतीपत्र शनिवारपर्यंत हवं म्हणतात. मजकूर तू घाल. आता तुझ्यावर डोळे मिटून विश्वास आहे.'

मी तो कागद टेबलावर ठेवून दुपारभर बघत बसले. अध्यक्षपद स्वीकारण्यास माझी संमती आहे, तीन ओळींचं काम. भोंगा दोनदा दारात डोकावून गेले. मी कागद प्रिंटरला लावला, आणि माझ्याकडून जे टाइप झालं ते हे.

त्या शनिवारची पिन मुद्दाम मारली की चुकून, ते मला माहीत नाही आणि बहुतेक कधी कळणार नाही. ते सोड. पण अकरा वर्षांपूर्वीचं मला नीट माहीत आहे, त्यात गोंधळ काही नाही. तुला काढायचा ठराव भोंग्यांनी घरून आणला नव्हता. तो मी टाइप केला. आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता. साहेबांनी मजकूर दिला, म्हणाले, "उद्यापर्यंत कुठे बोलू नकोस." धमकी दिली नाही, नोकरीचं काढलं नाही. मी 'बरं' म्हटलं आणि टाइप केला, तुझ्या नावात चूक झाली म्हणून एकदा पुन्हा केला. त्याच संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला आले. तू विचारलंस, "उद्याच्या सभेत काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच." वहिनींकडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सकाळी सह्यांचं पान तुझ्यापुढे मीच धरलं. तू माझ्याकडे बघून हसत सही केलीस, कागदाकडे बघितलंही नाहीस. मी पेनचं टोपण लावलं आणि पुढच्याकडे गेले.

का केलं? भीती म्हणू तर तेवढी भीती नव्हती. मला सांगितलेलं काम होतं आणि मी केलं. याहून मोठं कारण मी अकरा वर्षं शोधतेय, सापडलेलं नाही. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते.

वहिनींना म्हणावं, खोलीत सामान ठेवायचं असेल तर ठेवा.

हे पान आता संमतीपत्र म्हणून चालणार नाही. अध्यक्ष व्हायचं असेल तर दुसरा कागद घे, मजकूर स्वतःच्या हातानं लिही, दोनदा वाच आणि मग सही कर. शनिवारपर्यंत वेळ आहे. नाही व्हायचं असेल तरी तुझं तू ठरव, मला विचारू नकोस, मला कशातलं काही ठरवता येत नाही हे तू बघतोच आहेस.

ओळी जवळजवळ टाकल्या तरी पान भरत आलं. खाली तुझीच सही आहे. माझी करायला जागा उरली नाही.